जुना व्यवहार शोधताना

हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये जुनी नोंद शोधताना एकेक खातं उघडून खाली-वर सरकवत बसू नका. मीही सुरुवातीला तेच करायचो. डोळे दुखायचे आणि नोंद हाती लागायची नाही.

शोधायला बसताना नावाऐवजी रकमेपासून सुरुवात करा. एकाच दुकानाचं नाव तुम्ही कधी पूर्ण लिहिता, कधी आखूड, बँकेच्या फाइलमधून आलं तर आणखी तिसरंच. रक्कम मात्र बदलत नाही. नक्की आठवत नसेल तर १,२०० ते १,३०० असा पट्टा द्या आणि तारखेची मर्यादा सैल ठेवा. खरेदी महिनाअखेरीची असली, तर कार्डावर ती पुढच्या महिन्यात चढलेली असू शकते.

ग्नूकॅश हा हिशेब ठेवायचा मोफत प्रोग्रॅम वापरत असाल तर खात्यांच्या मुख्य पानावरून कंट्रोल-एफ दाबा. खिडकीत नवा शोध, सापडलेल्यातून गाळणं (म्हणजे त्याच निकालात पुन्हा शोधणं), त्यात भर घालणं आणि त्यातून वगळणं असे चार पर्याय असतात. गाळण्याचा पर्याय फार कामाचा, पण नवखे लोक त्याकडे बघतही नाहीत. आधी रकमेचा पट्टा, मग त्याच निकालावर तारीख, की चाळीस नोंदींच्या तीन उरतात.

तरीही काही मिळालं नाही? मग बंद केलेली किंवा लपवलेली खाती तपासा, माझं घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. शिवाय वर्णनात नसलेला शब्द मेमोत, म्हणजे नोंदीसोबतच्या टिपणीत, असू शकतो, तिथेही शोधा.

आणि स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळवले, तर ती नोंद काही प्रोग्रॅममध्ये दोनदा दिसते, एकदा उणे, एकदा अधिक. दुसरी नोंद चुकीची समजून पुसू नका.