ग्राफिक्स कार्ड मरतंय, लॅपटॉप वाचेल का?

प्रश्न : माझा लॅपटॉप 2014 चा आहे, आय 5, 8 जीबी रॅम, इंटेलच्या ग्राफिक्ससोबत एनव्हिडियाचं 2 जीबीचं वेगळं कार्ड. मी घरूनच इंटिरिअरची ड्रॉइंग्ज करते. हल्ली ऑटोकॅडमध्ये थ्रीडी उघडलं की स्क्रीन काळी होते, कधी रंगीत ठिपके येतात आणि मग निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट. नुसतं मेल-ब्राउझिंग केलं तर दिवसभर काही होत नाही. दुकानदार म्हणतो रीबॉलिंग करू, साडेचार हजार, 1 महिन्याची गॅरंटी. भाऊ म्हणतो हीट गनने चिप गरम कर, व्हिडिओ बघितलाय. काय करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी भावाच्या हातातून ती हीट गन काढून घ्या. आणि साडेचार हजारही सध्या पर्समध्येच राहू द्या.

चिप गरम केल्यावर लॅपटॉप खरंच चालू होतो, म्हणून तर ते व्हिडिओ एवढे चालतात. पण ते सर्दीला वाफ घेतल्यासारखं आहे, तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. रीबॉलिंगमध्ये चिप आणि बोर्ड यांच्यामधले सोल्डरचे गोळे बदलतात, आणि बऱ्याचदा बिघाड तिथे नसतोच, तो चिपच्या आतल्या बारीक जोडांमध्ये असतो, गरम-गार होऊन होऊन ते तडकतात. रीबॉलिंग करताना ते जोडही तापतात आणि काही दिवस पुन्हा टेकतात, मग दुकानातल्या टेस्टिंगला सगळं झकास, आणि गॅरंटी 1 महिन्याची का असते ते तुम्हीच ओळखा. हे दुखणं जुनंच आहे. जुलै 2008 मध्ये खुद्द एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिप्समधल्या कमकुवत मटेरिअलपायी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. ॲपलनेही फेब्रुवारी 2015 मध्ये 2011 ते 2013 च्या काही मॅकबुक प्रोंसाठी फुकट रिपेअरची योजना काढली, त्यात चिप गरम करत बसले नाहीत, सरळ बोर्ड बदलून दिले.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. तुमच्याकडे दोन ग्राफिक्स आहेत, आणि अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन इंटेललाच जोडलेली असते, एनव्हिडिया फक्त जड कामाला मधे येतं. म्हणूनच मेल बघताना काही होत नाही. तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडाप्टर्समध्ये एनव्हिडियावर राइट क्लिक करून डिसेबल करा. अनइन्स्टॉल नको, विंडोज अपडेट ते गुपचूप परत आणून बसवतं. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, स्विचेबल ग्राफिक्स किंवा तसा काही ऑप्शन असेल तर तिथूनच बंद करा, ते जास्त पक्कं, कारण डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केलेल्या कार्डाला काही मॉडेल्समध्ये करंट जातच राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. मग ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग कमांड देऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणं, बंद करा. टूडी ड्रॉइंग आरामात होईल, थ्रीडी रखडेल, रेंडरिंगचं मात्र विसरा.

हे करूनही ठिपके आलेच तर स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके असतील तर ग्राफिक्स किंवा रॅमची भानगड, स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक स्क्रीनची केबल नाहीतर पॅनल, आणि केबलचं काम रीबॉलिंगपेक्षा खूप स्वस्तात होतं.

खर्च करायचाच तर साफसफाईवर करा. दहा वर्षांत एकदाही उघडला नसेल तर फॅन आणि तांब्याच्या पाइपाच्या टोकाच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धुळीचा अख्खा पापुद्रा जमलेला असतो, बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, फॅन काढावाच लागतो. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता त्या पाइपाकडे नेणारा लेप, सुकून भुकटी झालेली असते, ती बदलून घ्या, पण मेमरी चिप्सवर जे मऊ पॅड असतात तिथे पेस्ट लावू देऊ नका, तिथे पॅडच पाहिजे, नाहीतर मधे फट राहते. हार्ड डिस्क अजून जुनीच असेल तर एसएसडी टाका. आणि हो, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले, तुमच्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही, तेव्हा बँकेची कामं या मशीनवर करत असाल तर ती दुसरीकडे हलवा. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम छान चालेल, पण त्यावर ऑटोकॅड नाही.

थ्रीडीवरच तुमचं पोट असेल तर मात्र नवीन मशीनसाठी पैसे साठवायला लागा, हा ड्रॉइंग आणि बिलांसाठी ठेवा.

प्रश्न : कूलिंग पॅड घेतला तर कार्ड वाचतं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आतून साफ असेल तर थोडा फरक पडतो, धूळ तुंबलेली असेल तर पॅडचा पंखा नुसता आवाज करतो. गेलेलं कार्ड त्याने परत येत नाही. त्यापेक्षा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणं बंद करा, ते फुकट आहे.