‘सूडो’ने काम होते, मग अडचण काय?

प्रश्न : उबंटू या लिनक्स प्रणालीवर एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारे साधन) बसवलेली साधने अद्ययावत करताना ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो, आज्ञेआधी ‘सूडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) लावले की काम होते. तसेच चालू ठेवावे का?

उत्तर : ठेवू नये. ‘सूडो’मुळे नव्या फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक खात्याकडे जाते आणि पुढचे प्रत्येक अद्ययावतीकरण पुन्हा तिथेच अडते, शिवाय पॅकेजमधील अनोळखी स्क्रिप्टना सर्वाधिकार मिळतात, ही अधिक गंभीर बाब. फाइलींची तपशीलवार यादी दाखवणारी ‘एलएस -एल’ ही आज्ञा चालवून तिसऱ्या रकान्यात मालक म्हणून रूट दिसतो का, ते पाहावे. होम फोल्डरातील एनपीएमच्या कॅशची (तात्पुरत्या साठ्याची) मालकी ‘सीएचओन’ या मालक बदलणाऱ्या आज्ञेने स्वतःकडे घ्यावी, मात्र प्रणालीच्या यूएसआर फोल्डरवर तो प्रयोग करू नये आणि सर्वांना सर्व परवानग्या देणारे ‘सीएचमॉड ७७७’ तर कुठेच नको. त्यानंतर एनपीएमचा प्रीफिक्स (साधने बसवण्याची जागा) होममधील फोल्डरावर वळवून त्यातील ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये (आज्ञा शोधण्याच्या जागांच्या यादीत) जोडावा, किंवा सरळ एनव्हीएम (एनपीएम ज्यावर चालते ते नोड होम फोल्डरातच बसवणारे साधन) वापरावे. मला दुसरा मार्ग पसंत आहे.