पंप हवा ओढतो की उपसतो?

फैजपूरच्या एका ताईंच्या बचत गटाने दाळ पॅक करायला व्हॅक्यूम मशीन घेतलं आहे. गटातल्या बायकांसाठी त्या मशीनची माहिती मराठीत लिहीत आहेत. त्यांनी विचारलंय, पंप हवा ‘ओढतो’ लिहू की ‘शोषतो’? आणि ‘निर्वात पोकळी’ ही द्विरुक्ती नाही का?

ताई, दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे. पोकळी म्हणजे मोकळी जागा. बांबू पोकळच असतो, पण आत हवा असते. तेव्हा ‘निर्वात पोकळी’ बिनचूक आहे. अडचण वेगळीच आहे. व्हॅक्यूम कमीजास्त असतो, ‘निर्वात’ मात्र एकतर असतं नाहीतर नसतं. बाहेर हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार. चांगला तेलाचा रोटरी पंप तो दशलक्षांशापर्यंत उतरवतो, तरी आत थोडी हवा उरतेच. म्हणून ‘व्हॅक्यूम किती आला?’ हेच लिहा.

क्रियापदाचं मात्र मला फार वाटतं. आमच्या यावलकडे विहिरीचं पाणी खाली गेलं की काका म्हणायचे, ‘मोटार ओढत नाही.’ मग दोर लावून मोटार खालच्या टप्प्यावर उतरवायची. खरं तर मोटार कधीच ओढत किंवा शोषत नव्हती. ती पाइपातला दाब कमी करायची, आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली बाहेरची हवा पाणी वर ढकलायची. ही ढकल फार तर १० मीटरची, प्रत्यक्षात ७-८. त्यापुढे कितीही मोठी मोटार लावा, पाणी चढत नाही.

म्हणून माझा कौल ‘उपसणे’ला. विहीर उपसताना झऱ्यांचं पाणी आपलं आपण येतं, आपण फक्त बाहेर टाकतो. व्हॅक्यूम पंपाचंही तेच. हवा आपणहून पसरत पंपापर्यंत येते, तो तिला बाहेर काढतो. आणि झरेही असतात! झाकणाच्या रबरी गॅस्केटच्या (हवाबंद करणाऱ्या पट्टीच्या) भेगेतून हवा झिरपते, आतल्या भिंतींना चिकटलेला ओलावा, अगदी बोटाच्या ठशाचा तेलकटपणासुद्धा वाफ सोडत राहतो. उपसा आणि पाझर जिथे बरोबरीत येतात, तिथे दाब दाखवणारा काटा थांबतो. काटा नेहमीपेक्षा आधीच थांबला, तर पंपाला दोष देण्याआधी पाझर शोधायचा.

जर्मनीत व्हॅक्यूम पंप शोधणाऱ्या ओटो फॉन गेरिकेने १६५० च्या सुमारास व्हॅक्यूम करायचा आपला पहिला प्रयत्न केला, तो पाण्याने भरलेलं लाकडी पिंप अक्षरशः उपसूनच. लाकडातून सूं सूं करत हवा आत शिरली, तेव्हा त्याने तांब्याचं भांडं घेतलं.

तुमच्या कागदावर असं लिहा: ‘झाकण लावा. पंप झाकणाखालची हवा उपसेल. पिशवी सील झाली की मशीन हवा परत आत सोडेल.’ पिशवी दाळीला घट्ट बसते ती या शेवटच्या क्षणी, हवा परत आल्यावर. बायकांना ते झाकणातून बघायला सांगा.