ऑपरेशनमध्ये मॉनिटरवर ऑक्सिजन शेवटपर्यंत ९९ होता, मग वडिलांना रक्त का चढवावं लागलं?

मी भूलतज्ज्ञ आहे. तुमच्या वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरतं काही ठामपणे सांगता येणार नाही. पण शंका रास्त आहे.

बोटाला लावलेला चिमटा एवढंच सांगतो, की अंगात जे हिमोग्लोबिन शिल्लक आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. मुळात शिल्लक किती आहे, हे त्याला कळत नाही. निम्मं रक्त वाहून गेलं तरी तो ९९ दाखवू शकतो.

हिशोब करून बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन उचलतं. हिमोग्लोबिन १५, म्हणजे १०० मिली रक्तात १५ ग्रॅम असेल, तर तेवढ्या रक्तात सुमारे २० मिली ऑक्सिजन झाला. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे १००० मिली ऑक्सिजन निघाला. स्वस्थ पडलेल्या माणसाला त्यातला २५० मिली पुरतो. आता रक्तस्रावाने हिमोग्लोबिन ७ वर आलं, तर हजाराचे पाचशेही उरत नाहीत. तरुण हृदय जास्त रक्त ढकलून भरपाई करतं. वय झालेल्या किंवा आजारी हृदयाला ते झेपेलच असं नाही, त्यात भुलीची बरीच औषधं त्याला आणखी मंदावतात. नळीतून शंभर टक्के ऑक्सिजन सोडला तरी प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, विरघळतो तो १०० मिलीमागे जेमतेम दीड मिली.

मग सलाईन का नाही? देतोच. हृदय भरतं, प्रवाह वाढतो. पण सलाईन ऑक्सिजन वाहत नाही आणि उरलेलं रक्त पातळ करतं.

खरा चकवा बीपीचा. नॉरअॅड्रिनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध चालू केलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि आकडा छान दिसतो. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ६५ च्या वर ठेवायचं हे आम्ही घोकलेलं असतं. मात्र पाइपचं तोंड दाबलं की धार जोरात उडते, बादली काही लवकर भरत नाही. शिकाऊ असताना मी या आकड्यावर खूश होऊन बसलो होतो. रक्तातलं लॅक्टेट चढलेलं सिनियरने दाखवलं. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की ते वाढतं, म्हणून मोठ्या ऑपरेशनमध्ये मनगटाच्या धमनीतल्या लाइनमधून आम्ही अधूनमधून रक्त काढून तपासतो. लघवीचा वेगही बघतो.

रक्त देणं हेही बिनधोक नाही. रिअॅक्शन येऊ शकते, फुप्फुसांवर ताण येतो. म्हणून बहुतेकदा हिमोग्लोबिन ७-८ पर्यंत उतरेतो आम्ही थांबतो. हृदयाचा आजार असेल किंवा रक्त वाहतच असेल, तर आधीच देतो.

भुलीची नोंद मागून घ्या. त्यात किती रक्त गेलं, हिमोग्लोबिन कितीवर आलं आणि लॅक्टेट किती होतं, या तीन नोंदी शेजारी-शेजारी ठेवून तिथल्या भूलतज्ज्ञांनाच विचारा.