१९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ आज पहिल्यांदाच खेळायला घेण्याजोगा आहे का?

होय, नक्कीच आहे, कारण सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेम यंत्रावरचा स्क्वेअर कंपनीचा हा रोल-प्लेइंग गेम (कथेतल्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) खेळाडूचा वेळ फुकट घालवत नाही: शत्रू बहुतेक ठिकाणी आधीच दिसतात आणि लढाई वेगळ्या पडद्यावर न जाता जागच्या जागी सुरू होते. दोनदा पूर्ण खेळल्यावरही मला त्यातला खटलाच सर्वांत देखणा वाटतो. सुरुवातीच्या जत्रेत टेबलावरचे कुणाचे तरी जेवण आपण सहज गट्ट केले असेल, तर पुढे न्यायालयात तेच आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते. शेवटही अनेक आहेत. मात्र मेन्यूतून हुकूम देत लढणे ज्यांना मुळातच कंटाळवाणे वाटते, त्यांचे मत हा गेम बदलील असे नाही.