वाचकांचे प्रश्न : पशुखाद्याचा हिशेब, करमरकर आणि उसाच्या गाड्या

प्रश्न : आमची पशुखाद्याची छोटी गिरणी आहे. एक टन खाद्यात खनिज मिश्रण व मीठ मिळून ३० किलो ठरलेले. उरलेले ९७० किलो मका, गव्हाचा कोंडा, सरकी पेंड आणि सोया पेंड यांतून कमीत कमी खर्चात भरायचे आहेत. प्रथिने किमान २०० किलो, तंतू कमाल ८० किलो आणि सोया पेंड महाग म्हणून कमाल १०० किलो, अशा अटी घातल्या. एक्सेलचा सॉल्व्हर (अटी पाळून सर्वांत स्वस्त उत्तर शोधणारी सोय) ‘शक्य उत्तर नाही’ सांगतो. चुकतेय काय? (मिरज तालुका)

उत्तर : सॉल्व्हर बरोबर सांगतोय, तुमच्या अटीच एकत्र नांदत नाहीत. मक्यात प्रथिने ९ टक्के व तंतू २.५, कोंड्यात १५ व ११, सरकी पेंडीत २२ व २४, सोया पेंडीत ४५ व ७ धरू. (तुमच्या मालाचा तपासणी अहवाल असेल तर त्यातले आकडे घ्या, सरकी पेंडीत फार फरक पडतो.) १०० किलो सोया पेंडीतून ४५ किलो प्रथिने आली. बाकी ८७० किलोतून १५५ किलो हवीत. तंतूंची मर्यादा पाळून जास्तीत जास्त प्रथिने मिळतात ती साधारण २६७ किलो मका आणि ६०३ किलो कोंडा घेतल्यावर, आणि तीही ११४ किलोच. सरकी पेंड घालावी तर प्रथिनांच्या मानाने तंतूच जास्त वाढतात. म्हणजे बेरीज १६० च्या आतच अडते.

तंतू ८० वरच ठेवायचे असतील तर सोया पेंड सुमारे २२५ किलोपर्यंत जाऊ द्या. सोया १०० वरच ठेवायची तर तंतू १५० किलोच्या आसपास जातील. पण महाग आहे म्हणून एखाद्या घटकावर अट घालूच नये. दर दिला की सॉल्व्हर महाग माल आपणच कमी घेतो. अट जनावराला काय पचते त्यासाठी ठेवावी.

पुढे असा अडथळा आला तर प्रत्येक अटीत ‘तूट’ नावाचा एक जादा आकडा घाला आणि त्याला किलोमागे १०,००० रुपये असा अवाच्या सवा दर लावा. उत्तर निघेल आणि तूट कोणत्या अटीत पडली तेही दिसेल. आणखी एक ठेच नेहमी लागते : ‘प्रथिने भागिले एकूण वजन’ असे सूत्र लिहिले की गणित रेषीय (ठरलेल्या आकड्यांनी गुणून नुसत्या बेरजा असलेले) राहत नाही. भागाकार टाळून ‘प्रथिने ≥ ०.२० × एकूण वजन’ असे लिहा, सॉल्व्हरमध्ये ‘सिम्प्लेक्स एलपी’ ही रेषीय गणितांची पद्धत निवडा आणि आकडे ऋण नसावेत ही खूण करा, नाहीतर उणे ४० किलो मका असलेले खाद्य हाती येईल.

हाच प्रश्न माणसांच्या आहारासाठी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये मांडला होता : ७७ पदार्थ, ९ पोषक घटक. त्यांनी अंदाजाने काढलेला वर्षाचा खर्च ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये गणितज्ञ डँट्झिग यांच्या सिम्प्लेक्स पद्धतीने तो हाताने चालणाऱ्या गणकयंत्रांवर सोडवला, तेव्हा सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर ३९.६९ डॉलर.

प्रश्न : रेषीय गणिते सोडवण्याची करमरकरांची पद्धत आल्यावर सिम्प्लेक्स कालबाह्य झाली का? (कराड)

उत्तर : नाही. सगळी शक्य उत्तरे मिळून सपाट बाजूंचा एक ठोकळा (बहुपृष्ठ) होतो असे समजा; सिम्प्लेक्स त्याच्या एका कोपऱ्यातून शेजारच्या कोपऱ्यात जाते. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम रचलेल्या उदाहरणात ती सगळे कोपरे फिरते. २० चले (शोधायचे आकडे) असली तर १०,४८,५७५ पावले. व्यवहारात असे क्वचितच घडते. खाचियान यांनी १९७९ मध्ये बहुपदी वेळेची हमी (गणित मोठे झाले तरी वेळ भरमसाट वाढत नाही) असलेली पद्धत दाखवली, पण ती प्रत्यक्षात संथ होती. नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये, बेल लॅबमध्ये असताना, ठोकळ्याच्या पोटातून जाणारी वाट दिली : हमीही आणि वेगही. आजचे सॉल्व्हर दोन्ही बाळगतात. प्रचंड गणित पहिल्यांदा सोडवताना आतली वाट बहुधा सरस ठरते. एखादा दर किंवा अट बदलून तेच पुन्हा सोडवायचे असेल तर सिम्प्लेक्स जुन्या कोपऱ्यापासूनच पुढे निघते.

प्रश्न : ऊस वाहतुकीत गाडी लावायची की नाही यासाठी ०/१ चल घेतले (१ म्हणजे लावली, ० म्हणजे नाही). उत्तरात गाडी ०, तरी तिच्यावर २० टन ऊस! (वाळवा)

उत्तर : ‘ऊस ≤ M × गाडी’ या अटीत M (गाडी लावली तर ऊस अडू नये म्हणून धरलेला मोठा आकडा) एक कोटी ठेवला असणार. मग ०.०००००२ गाडीही २० टन वाहते, आणि इतक्या बारीक आकड्याला सॉल्व्हर शून्य मानू शकतो. M म्हणून त्या गाडीची खरी क्षमताच लिहा, गणित लवकरही सुटेल.