रंग खरवडू नका, आधी भोकं मोजा

चोर बाजारातून घेतलेल्या काळ्या लोखंडी हेल्मेटचे फोटो पाहिले. पुढे पांढरा इंग्रजी 'डब्ल्यू', मागच्या काठाला भोकं. तुम्ही विचारलंय की हे लष्करी आहे का, भोकं कशाची, आणि रंग काढून पत्रा चकचकीत करावा का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात नको. या हेल्मेटची जी काही किंमत आहे ती त्या रंगाचीच आहे. खालचं टोपलं, म्हणजे नुसतं लोखंडी कवच, लाखोंनी बनलं होतं.

ते टोपलं लष्करी घाटाचंच आहे. जॉन ब्रोडीने १९१५ साली पेटंट घेतलेल्या पसरट हेल्मेटची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे 'मार्क २'. ब्रिटनमध्ये १९३७ च्या कायद्याने हवाई हल्ल्यापासून बचावाची, म्हणजे एआरपीची तयारी करणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालं. मग वॉर्डन (हवाई हल्ल्याच्या वेळी वस्तीवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक), प्रथमोपचारवाले, ढिगारा उपसणारे, आगवाले अशा सगळ्यांना डोक्यावर काहीतरी हवं होतं. 'डब्ल्यू' म्हणजे वॉर्डन. साध्या वॉर्डनचं हेल्मेट काळं आणि अक्षर पांढरं, वरिष्ठांचं बरोबर उलटं. 'आर' म्हणजे बचाव पथक, 'एफएपी' म्हणजे प्रथमोपचार पथक. अक्षरं स्थानिक पातळीवरच रंगवली जात, त्यामुळे दोन गावांचे 'डब्ल्यू' सारखे नसतात. कुठे साचा ठेवून मारलेला, कुठे कुणीतरी ब्रशने हाताने काढलेला.

आता भोकं. लष्कराच्या हेल्मेटला मँगनीजयुक्त कठीण पोलाद लागे. चाचणीत जो माल कमी पडला, किंवा जो साध्या पोलादातच काढला, तो फेकून द्यायला युद्धकाळात कुणाला परवडणार? काठाला भोकं पाडून तो देशातल्या नागरी कामांसाठी द्यायचा, म्हणजे चुकून रणांगणावर जाणार नाही. ढोबळ नियम असा, की जितकी भोकं जास्त तितकं संरक्षण कमी. एक फसगत मात्र ध्यानात ठेवा. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या मार्क २ लाही मागच्या काठाला तीन भोकं असतात, पण ती मानेवरचं कापड अडकवायला. ती एकमेकांपासून अंतर ठेवून पाडलेली दिसतात. तुमच्या फोटोत भोकं एकाच जागी दाटीने आहेत, म्हणून मी ब्रिटिश कमी प्रतीच्या मालाच्या बाजूने आहे.

खात्री करायची तर घरातलं चुंबक घ्या आणि टोपल्याच्या माथ्यावर लावा. काठाला नको, तिथली पट्टी वेगळ्या धातूची असू शकते. मँगनीज पोलाद चुंबकाला जवळपास दाद देत नाही. साधं पोलाद टक्कन चिकटतं. भोकं असलेल्या हेल्मेटला चुंबक घट्ट चिकटलं तर गोष्ट जुळली.

हे संग्राहकांच्या नजरेत आलं तेही उशिरा. युद्ध संपल्यावर बरीच वर्षं यांना कुणी विचारत नव्हतं. इंग्लंडात लोकांनी ती उलटी टांगून फुलझाडं लावली, कोंबड्यांना दाणे घातले. काही १९४९ ते १९६८ मध्ये चाललेल्या सिव्हिल डिफेन्स कोअर या ब्रिटिश नागरी संरक्षण दलामध्ये पुन्हा रंगवून वापरली गेली. सैनिकी हेल्मेटांच्या मागे लागलेल्यांना वॉर्डनचं टोपलं म्हणजे दुय्यम माल वाटे. माझ्या मते तो अंदाज साफ चुकला. सैनिकी हेल्मेट कुठल्या पलटणीचं ते बहुतेकदा कळत नाही. यांचं काम मात्र कपाळावरच लिहिलेलं असतं.

रंगाचे थरही बोलतात. ब्रिटनची सहायक अग्निशमन सेवा, एएफएस, १९३८ मध्ये उभी राहिली आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवेत, म्हणजे एनएफएसमध्ये, विलीन झाली. हेल्मेट तेच, वरची खूण नवी. त्यामुळे 'एनएफएस'च्या चिन्हाखाली जुनी अक्षरं दबलेली सापडतात. तुम्ही पॉलिश पेपर घेऊन बसलात तर दोन्ही जातील.

याच काळातलं झुकरमन हेल्मेटही कधी समोर आलं तर सोडू नका. सॉली झुकरमन या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून निघालेलं, डोक्यावर उंच बसणारं, मुख्यतः आगीवर पहारा देणाऱ्यांसाठी. काठावर भोकांची जोडी जोडी आणि त्यातून ओवलेली दोरी, आतलं अस्तर त्या दोरीने बांधलेलं. आपल्याकडचे दुकानदार त्याला 'तुटकं ब्रिटिश' म्हणून बाजूला टाकतात. टाकू देत.

अमेरिकेच्या नागरी संरक्षणाचं पांढरं हेल्मेट, त्यावर निळ्या वर्तुळात पांढरा त्रिकोण, ओळखायला सोपं. जर्मन लुफ्टशुट्सचं, म्हणजे तिथल्या हवाई हल्ला बचाव सेवेचं, निळसर हेल्मेट देखणं असतं, पण पुढच्या पंखांच्या चिन्हात स्वस्तिक आहे. विकताना-दाखवताना त्या त्या देशाचा कायदा बघा.

बनावट मालाबद्दल. कोऱ्या मार्क २ वर 'डब्ल्यू' काढायला अर्धा तास पुरतो, म्हणून भिंग घ्या. जुन्या रंगाच्या टवक्याला कडेने तपकिरी गंज धरलेला असतो. नवा रंग गंजाच्या खड्ड्यांत उतरून बसतो, म्हणजे गंज आधीचा आणि रंग नंतरचा. अक्षर पांढरंशुभ्र आणि भोवतीचा काळा मात्र झिजलेला, असं दिसलं की थांबा. अस्तरावरचं साल आणि टोपल्यावरचं साल वेगळं असलं तर घाबरू नका. माथ्यावरचा एक स्क्रू काढला की अस्तर बदलता येत असे.

दुकानदाराने 'गोदीच्या स्फोटातलं आहे' असं सांगितलं असेल, तर त्या कथेचे वेगळे पैसे देऊ नका. मुंबईत एआरपी होती, १४ एप्रिल १९४४ चा स्फोटही खरा, पण हे हेल्मेट तिथे होतं याला कागद लागतो. नाव, फोटो, ओळखपत्र, काहीतरी. शिवाय आपल्याकडे नागरी संरक्षणाचं काम स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिलं, प्रशिक्षण संस्था १९५७ मध्ये नागपुरात निघाली. तेव्हा तुमच्या 'डब्ल्यू'वरचा रंग चाळीसच्या दशकातलाच असेल असं धरून चालू नका.

पावसाळ्यापुरतं: पाणी नको, साबण नको, ब्रासो तर नकोच. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट होऊन अस्तराला बुरशी येते. काठावर टेकवून न ठेवता आतून आधार द्या. सोबत त्याच दुकानातून गॅस मास्क घेतला असेल तर हौसेनेसुद्धा तोंडाला लावू नका, त्या काळच्या ब्रिटिश मास्कच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

आता हनुवटीच्या पट्ट्याच्या कडीजवळ, काठाच्या आतल्या बाजूला टॉर्च तिरपा धरून बघा. कारखान्याची आद्याक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. त्याचा आणि अस्तराचा फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.